बिनपायरीचं दुकान

महाडच्या बाजारपेठेत मी भिंतींचे फोटो काढत फिरत होते. एका भांडीवाल्याने आतून हाक मारून विचारलं, "ताई, आमचं किती जाणार?" मला प्रश्नच कळला नाही. "काय जाणार?" म्हटलं, तर तो म्हणाला, "रस्त्याच्या रुंदीकरणात हो." पुढच्या चार दुकानांत माझ्याआधीच बातमी पोचली होती. कुणी बाहेर काढलेली फळी आत ओढून घेतली, कुणी पायरीवरची पोती उचलली. एकाने मला खुर्ची देऊन चहा मागवला. तो चहा घ्यावा की नाही, हेसुद्धा मला ठरवता येईना.

त्यातून मला सोडवलं बाळाराम मिस्त्रींनी. चवदार तळ्याच्या बाजूच्या टपरीवर ते बाकड्यावर बसले होते. मी तिथवर पोचले तेव्हा माझ्यामागून दोन-तीन दुकानदारही आले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "अरे, ही रुंदीकरणवाली नाय. रुंदीकरणवाले वर पत्र्याकडं बघतात. ही पोरगी भिंतीच्या बुडाकडं बघतेय." मग माझ्याकडे वळून, "काय शोधतेस गो?"

"डाग," मी म्हटलं. खरं तेच होतं.

ते हसले नाहीत. बाकड्यावर सरकून त्यांनी मला जागा केली आणि विचारलं, "कसले पायजेत? पाण्याचे, शेवाळाचे, का पान खाणाऱ्यांचे?"

मी तेव्हा महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आम्हा चौघांच्या गटाला प्रोजेक्ट म्हणून एक व्हिडिओ गेम बनवायचा होता. गेममधली मुलगी गावभर जेवणाचे डबे पोचवते, एवढीच गोष्ट. ते गाव, म्हणजे त्यातले रस्ते आणि इमारती, माझ्याकडे होतं. बाकीच्यांनी अवघड कामं वाटून घेतली आणि उरलेलं मला दिलं, असं मला तेव्हा वाटायचं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. मी काय शिकते हे घरी समजावताना माझी नेहमी तारांबळ व्हायची. बाबांनी शेवटी आपल्यापुरता अर्थ लावला होता आणि ते लोकांना सांगायचे, की ती कॉम्प्युटरवर घरं बांधते. त्यावरून एका भावकीतल्या काकांनी त्यांच्या घरकुलाचं काम मला विचारलं होतं.

मिस्त्रींना मात्र हे एकदाच सांगावं लागलं. "म्हणजे घरं खोटी, पण दिसायला खरी," ते म्हणाले. मी हो म्हटलं. "मग आम्ही वेगळं काय करतो?" ते म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

ते मूळचे तुडील गावचे. चाळीसेक वर्षं त्यांनी महाडात बांधकामं केली होती. आता काम सुटलं होतं, पण ओळंबा सुटला नव्हता. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा तो पितळी ओळंबा दोरीसकट एका जुन्या मोज्यात घालून ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. त्या वजनाने त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला ओघळलेले असत. चालताना मधेच थांबून ते एखाद्या भिंतीवर तळहाताची मागची बाजू टेकवायचे, जसा आपण तापाच्या माणसाच्या कपाळाला हात लावतो. "ओल हाय," म्हणायचे आणि पुढे निघायचे. आतल्या लोकांना त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यांना ठाऊक हाय. ते कपाट लावून बसलेत तिथं."

कॉलेज सुटल्यावर माझ्या पोलादपूरच्या गाडीला तासभर असायचा. तो तास आम्ही टपरीवर किंवा बाजारात घालवायचो. मी लॅपटॉप उघडून त्या दिवशीचं काम दाखवायचे. पहिली इमारत मी फार मन लावून केली होती. तीन मजले, गुलाबी रंग, निळ्या काचा. मिस्त्रींनी चष्मा वर-खाली करून ती पाहिली आणि म्हणाले, "ह्या घरात कोण राहत नाय."

मी म्हटलं, गेममध्ये घरात कुणी नसतंच, आत नुसती पोकळी असते.

"ते तुला ठाऊक. बघणाऱ्याला कशाला ठाऊक पडायला पायजे?" मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. टाकी भरून वाहते तेव्हा पाणी कुठून उतरतं? तिथे काळा ओघळ पाहिजे. कपडे कुठे वाळतात? खिडकीवर छज्जा नाही, मग पावसाची झड आत येते, तर ह्यांनी प्लास्टिक कुठे बांधलंय? गच्चीवर पत्र्याची शेड का नाही, ह्या एका माणसाचा स्लॅब महाडात गळत नाही की काय? आणि शेवटी, संडासाचा पाइप कुठून खाली येतो? मला लाजल्यासारखं झालं. मी पाइप विसरले होते. तीन मजल्यांच्या माझ्या त्या देखण्या इमारतीत एकही संडास नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक घराला त्यांनी मला माणसं द्यायला लावली. दुसऱ्या मजल्यावर कोण? मी चाचरत सांगायचे, शिक्षक आहेत, दोन मुली आहेत. मग ते म्हणायचे, "तर ग्रिलला सायकल बांधलेली असंल. मुली मोठ्या झाल्या, सायकल तशीच." आणि मी ग्रिलला सायकल बांधायचे.

एकदा मी चलाखी केली. काम पुरं होईना, म्हणून एकच घर आठ वेळा उचलून ठेवलं आणि रंग तेवढे बदलले. लॅपटॉप पुढे केला. मिस्त्रींनी आठही घरं नीट पाहिली. मग त्यांनी विचारलं, "ह्या आठ जणी सख्ख्या बहिणी काय?" मी म्हटलं, रंग वेगळे आहेत ना. "रंग येगळा हाय गो, पण आठही जणींना पोपडा एकाच जागी आलाय." त्यांनी बोटाने एकेक पोपडा मोजून दाखवला. रागावले नाहीत. पण त्या रात्री मी आठही घरं पुसून टाकली. गाडीत बसल्यावर मला सारखं वाटत होतं, की मी त्यांना फसवायला गेले होते.

भिंत नंतर, आधी जोतं बोल, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठलीही इमारत दाखवली की ते आधी तिचा पाया जमिनीपासून किती वर उचललाय ते बघायचे. महाडात सावित्रीचं पाणी बाजारात शिरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्या पुराने सगळं नेलं त्याची रेघ अजून जुन्या भिंतींवर आहे. बहुतेक ठिकाणी ती दरवाज्याच्या चौकटीच्याही वर जाते. विजेचे मीटर त्यानंतर लोकांनी इतके वर लावले, की रीडिंग घ्यायला येणारा माणूस सोबत स्टूल आणतो. मिस्त्रींनी ती रेघ आणि ते मीटर माझ्या सगळ्या इमारतींवर काढायला लावले. आणि प्रत्येक दुकानाला तीन पायऱ्या. कमी नाही.

मी एकदा म्हटलं, की बाजारात काही दुकानांना एकच पायरी दिसते. त्यावर त्यांनी मला खाली बसायला लावलं आणि डांबराची कड दाखवली. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवा थर पडतो, जुना कुणी खरवडत नाही. रस्ता वर येतो, पायऱ्या खाली जातात. "जिथं एक दिसतेय तिथं खाली दोन पुरल्यात. तू त्या वर काढ. घर बांधलं तेव्हा जसं होतं तसं दाखव." हे मला फार आवडलं. मी वहीत लिहून घेतलं.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. बाजारातून फिरताना पिठाच्या गिरणीपाशी आलो, की मिस्त्री डावीकडे वळायचे. सरळ गेलं असतं तर स्टँड जवळ पडला असता, पण ते मागच्या बोळातून वळसा घालून न्यायचे. पुढच्या रस्त्यावर काय आहे विचारलं, तर म्हणाले, "काय नाय तिकडं." मी विषय वाढवला नाही. पण माझ्या नकाशात गिरणीपुढे साठ पावलांची एक पट्टी मोकळी राहिली होती. गटातला तेजस रोज विचारायचा, की तुझ्या गावाचा दात पडलाय तो कधी भरणार.

शेवटी एका दुपारी मी एकटीच तिकडे गेले. तिथे खरंच विशेष काही नव्हतं. एक सलून, एक बंद पेढी आणि मधे मोबाइलची कव्हरं विकणारं एक बुटकं दुकान. त्या दुकानाला पायरीच नव्हती. रस्त्यावरून पाऊल उचलून थेट आत ठेवता येत होतं. वर जुन्या पाटीची पुसट अक्षरं होती. 'वह्या, पुस्तके, पाट्या' एवढं वाचता आलं. मी मिस्त्रींचा धडा लावला. रस्ता वर आलाय, पायऱ्या पुरल्यात. घरी येऊन मी ते दुकान जुन्या पाटीसकट केलं, त्याला नेटक्या तीन पायऱ्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या खुशीत त्यांच्यापुढे ठेवलं.

मिस्त्रींनी पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मला वाटलं आता ते पाइप विचारतील.

"ह्या दुकानाला पायरी नव्हती," ते म्हणाले.

मी म्हटलं, पुरली गेली असेल ना, तुम्हीच सांगितलं होतं.

"पुरली नाय. बांधलीच नाय. मी बांधलंय ते."

त्या दिवशी माझी गाडी गेली. ते सांगत होते आणि मधेच थांबत होते, त्यामुळे मला उठवेना. दुकान शांतारामांचं. शांताराम त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दासगावचा. बांधायच्या वेळी मिस्त्रींनी तीन पायऱ्यांचं जोतं धरलं होतं. शांताराम म्हणाले, नको. माझं गिऱ्हाईक गुडघ्याएवढं आहे. पहिलीची पोरं पाठीवर दप्तर घेऊन तीन पायऱ्या कशी चढतील? त्यांना पळत आत येता आलं पाहिजे. दोघे त्यावरून चार दिवस भांडले. शेवटी मिस्त्रींनी ऐकलं. बरीच वर्षं पोरं पळत आत गेली. मग तो पूर आला, नेमका शाळा सुरू झाल्यानंतरचा, दुकान वह्यांनी भरलेलं असताना.

पाणी उतरल्यावर मिस्त्री मदतीला गेले होते. भिजलेल्या वह्या फुगून फळ्यांत अशा घट्ट बसल्या होत्या, की एकही हाताने निघेना. दोघांनी पहारीने उचकटून काढल्या. दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी शांताराम एवढंच म्हणाले, "तू सांगितलं होतंस." नंतर दुकान भाड्याने दिलं आणि ते दासगावला मुलीकडे राहायला गेले. मिस्त्री त्यानंतर त्यांना भेटले नव्हते, आणि त्या रस्त्यालाही गेले नव्हते.

मी घाबरत म्हटलं, की त्यांनी तुम्हाला दोष कुठे दिला? तुम्ही सांगितलं होतं, असंच तर म्हणाले.

"तेच तर." मिस्त्री ओळंब्याच्या मोज्याशी चाळा करत होते. "मालक काय पण सांगंल गो. जोतं मिस्त्रीचं असतं."

पुराची रेघ चौकटीच्या वर होती. तीन पायऱ्यांनी काय झालं असतं? हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मी ते बोलले नाही. मी विचारलं, की मग गेममध्ये पायऱ्या ठेवू का? तिथे तरी असू देत.

"नको," ते लगेच म्हणाले. "होतं तसं कर. त्याच्या दुकानाला खोट्या पायऱ्या नकोत."

मी पायऱ्या काढल्या. दोन दिवसांनी तेजसने पहिल्यांदा गेम सगळा जोडून चालवून पाहिला आणि माझ्यावर भडकला. डबेवाली मुलगी एकाही दुकानात शिरेना. पहिल्या पायरीला पाय लागला की जागच्या जागी चालत राहायची. मिस्त्रींच्या मापाच्या पायऱ्या आमच्या गेमला फार उंच होत्या. त्यावर न दिसणारा उतार घालावा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. अख्ख्या गावात ती एकाच दुकानात जाऊ शकत होती. तेजसने वैतागून तिला तिथे सहा वेळा आत-बाहेर पळवलं.

मी हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला ते दाखवायला सांगितलं. मुलगी गिरणीपासून पळत आली, दुकानात शिरली, बाहेर आली, परत शिरली. ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते टपरीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खिसा आज ओघळलेला नव्हता, ओळंब्याचा मोजा हातात होता. "दासगावला गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं. वर्षानुवर्षं महाडात राहणाऱ्या माणसाने मला हे विचारावं, म्हणजे मलाही यायला सांगत होते.

शांताराम ओटीवर खुर्चीत बसले होते. बारीक अंगाचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आम्हाला अंगणात पाहून ते उठायला गेले, पण त्यांना उठवेना.

"रस्ता चुकलास काय रे?" ते म्हणाले.

"पोरीला तुझं दुकान दाखवायचं होतं," मिस्त्री म्हणाले. सगळं माझ्यावर ढकलून ते ओटीच्या कडेला बसले, शांतारामांकडे पाठ करून.

मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि शांतारामांना कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यांच्या बोटाखाली मुलगी आधी सलूनवर आपटली, मग पेढीच्या पायऱ्यांना अडकली. मग ती दुकानात शिरली. "सरळ आत गेली की," ते म्हणाले. त्यांनी तिला बाहेर आणलं आणि परत आत नेलं. मग विचारलं, "वह्या कुठं हायत?"

मी ओशाळून सांगितलं, की आत फक्त फळ्या केल्यात.

"मग लिही," ते म्हणाले, आणि मी वही काढली. वरच्या फळीवर दोनशे पानी, तिच्याखाली शंभर पानी, डावीकडे पाट्या, कंपास गल्ल्याजवळ. "अगदी खालच्या फळीवर चित्रं रंगवायच्या वह्या. बारक्यांचा हात पोचला पायजे."

मिस्त्रींनी मान वळवली. मला वाटलं, खालच्या फळीला पाणी आधी लागतं, असं ते आता म्हणणार. तेही बोलायलाच निघाले असावेत. पण थांबले आणि मला म्हणाले, "तो सांगतो तशा ठेव."

आतून शांतारामांची मुलगी पाणी घेऊन आली आणि ठेवून गेली.

"जोतं मी घ्यायला पायजे होतं, शांताराम," मिस्त्री म्हणाले.

"समोर सोनाराच्या तीन पायऱ्या होत्या. त्याच्या पंख्यापर्यंत पाणी होतं."

"एक तास मिळाला असता तुला."

"तासाभरात किती वह्या उचलल्या असत्या मी, ह्या गुडघ्यांनी?" शांताराम म्हणाले. "आणि तू सांगितलं होतंस म्हटलं ते बरोबरच हाय. सांगितलं होतंस. मी ऐकलं नाय. ते ऐकायला थांबलास कुठं तू? दुसऱ्या दिवशी वाट बघत होतो. तिसऱ्या दिवशी पण."

मिस्त्रींनी मोज्यातून ओळंबा काढला आणि परत आत घातला. मला तिथे बसणं बरं वाटेना. गाडीची वेळ झाली म्हणून मी लॅपटॉप आवरायला लागले. मिस्त्री म्हणाले, तू जा, मी मागाहून येतो.

शांताराम मला निरोप द्यायला उठले. ह्या वेळी मिस्त्रींनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. ओटीच्या कडेपर्यंत ते आले, पण खाली उतरेनात. तिथे एकच पायरी होती, चांगली फूटभर उंच. कडेच्या खांबाला धरून ते उभे राहिले आणि हसून म्हणाले, की माझं अंगण इथे संपतं.

मी फाटकातून बाहेर पडून वळून पाहिलं. मिस्त्री अंगणात उकिडवे बसले होते. पायरीला त्यांनी वीत लावली होती, एक, आणि वर चार बोटं. मग त्यांनी मान वर करून शांतारामांच्या पट्टे बांधलेल्या पायांकडे पाहिलं.

"हिच्या मधी अजून एक बसंल," ते म्हणत होते. "अर्धी. विटा हायत काय रे घरात?"

"मागं हायत," शांताराम म्हणाले. "पण ह्या वेळी मी काय सांगणार नाय. तुझं तू बघ."